घोड्याला रोज मोकळे सोडलेच पाहिजे

आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि सोलापुरात वरातीसाठी घोडे पाळणाऱ्यांचा धंदा तुळशीच्या लग्नापर्यंत जवळजवळ बंद होतो. मधल्या गणपती-नवरात्रातल्या मिरवणुका सोडल्या, तर या चार महिन्यांत घोड्याला काम नसते, म्हणजे त्याला विश्रांती मिळते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो पत्र्याच्या शेडमध्ये, दहा-बारा फुटांच्या जागेत, तोंडाला मोहरकी आणि पुष्कळदा मागच्या पायालाही दोर अशा अवस्थेत उभा असतो. चंदी, म्हणजे रोजचा दाणा, वेळेवर मिळते, पाणी मिळते, खरारा होतो. परंतु स्वतःच्या मर्जीने चार पावले चालणे त्याला शक्य नसते. शहराबाहेरच्या शेतघरांवर हौसेने पाळलेल्या मारवाडी, काठियावाडी आणि पांढऱ्याशुभ्र नुकऱ्या घोड्यांचे खाणेपिणे याहून चांगले असते, काहींच्या ठाणावर पंखेही असतात. तरी सकाळची अर्ध्या-पाऊण तासाची रपेट संपली की उरलेले तेवीस तास तेही बांधलेलेच राहतात.

माझे म्हणणे असे की, घोड्याला रोज काही तास, शक्यतो दुसऱ्या घोड्याच्या सोबतीने, दोर आणि लगाम काढून मोकळे सोडणे ही चारा-पाण्याच्याच पंक्तीतली गरज आहे, आणि ती न भागवणे ही उपेक्षा आहे, मालकाचा त्या घोड्यावर कितीही जीव असला तरी. हा मालकांवरचा आरोप नाही. घोडा पाळणारे पुष्कळ लोक स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन त्याची चंदी भागवतात. पण घोड्याला काय काय लागते याची जी समज वाडवडिलांकडून त्यांच्याकडे आली, तिच्यात मोकळे सोडणे आज उरलेले नाही, आणि त्याची किंमत घोडा आपल्या शरीराने मोजतो.

सुरुवात पोटापासून करावी लागते, कारण बहुतेक दुखणी तिथूनच निघतात. घोडा गाईसारखा रवंथ करत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने फार लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते, आणि त्यात आम्ल अखंड स्रवत राहते, मग पोटात अन्न असो वा नसो. या आम्लाचा जोर कमी करणारी लाळ मात्र त्याला चावतानाच सुटते. मोकळा घोडा दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास थोडे थोडे चरतो, म्हणून त्याचे जठर सहसा रिकामे राहत नाही. बांधलेल्या घोड्याला सकाळ-संध्याकाळ हरभरा आणि भुसा मिळतो, तो तो अर्ध्या तासात संपवतो. कडब्याची कुट्टीही अख्ख्या कडब्यापेक्षा लवकर संपते. त्यानंतर कित्येक तास नुसते आम्ल जठराच्या अस्तराला खात राहते. शर्यतीच्या तबेल्यांतले घोडे दुर्बिणीने तपासले गेले तेव्हा त्यांतल्या बहुसंख्यांच्या जठरात व्रण आढळले, आणि ते जगातले सर्वांत महागडे खाद्य खाणारे घोडे होते. पोटशूळाचेही तसेच आहे. आतड्यांची हालचाल चालण्याने वाढते आणि उभे राहण्याने मंदावते. त्यात कोरडा चारा आणि अपुरे पाणी यांची भर पडली की मल अडकतो. रात्री अकराला घोडा जमिनीवर लोळू लागल्यावर डॉक्टर शोधत फिरण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला या दुखण्याची भीती वेगळी सांगावी लागत नाही. बांधून ठेवणे हे त्या दुखण्याच्या कारणांपैकी एक आहे, हे मात्र सांगावे लागते.

पायांचा विचार याहून सोपा आहे. घोड्याच्या गुडघ्याखाली जवळजवळ स्नायू नसतात, तिथे हाडे आणि शिरा-कंडराच असतात. खाली उतरलेले रक्त वर ढकलण्याचे काम खूर करतो: प्रत्येक पावलाला तो टेकताना किंचित फाकतो, उचलताना आवळतो, आणि त्या दाबाने रक्त वर चढते. घोडा उभा राहिला की हे काम थांबते आणि सकाळी पाय भरलेले दिसतात. मालक तेल चोळतो, पट्ट्या बांधतो, आणि घोडा फिरवला की सूज आपोआप उतरते. लीद आणि मूत यांच्या ओलीत उभे राहिल्याने खुराचा तळ सडतो, त्याच ओलीतून उठणारा उग्र वास आणि चाऱ्याची धूळ छातीत जाऊन जुनाट खोकला लागतो. वाढत्या वयाच्या घोड्यांचे नुकसान तर डोळ्यांना दिसतही नाही: कुरणातून काढून ठाणावर बांधलेल्या तरुण घोड्यांच्या नळीच्या हाडांतली खनिजे काही आठवड्यांतच कमी होऊ लागतात, असे मोजमापांत दिसले आहे. झोपेचे तर कोणाच्या लक्षातच येत नाही. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढू शकतो, पण गाढ झोप त्याला आडवे पडल्याशिवाय लागत नाही; मान आखूड दोराला आणि मागचा पाय खुंट्याला असलेल्या घोड्याला नीट आडवेच होता येत नाही.

वरातीच्या घोड्यांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. मुहूर्त नसलेल्या आठवड्यातही चंदी पूर्ण चालू राहते, घोडा जागेवरच उभा असतो, आणि मग एका संध्याकाळी त्याला अचानक तीन-चार तासांच्या मिरवणुकीत उतरवले जाते. अशा वेळी पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू ताठरून घोडा जागच्या जागी थांबतो, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. पूर्वी युरोपातल्या गाडीवानांना हा आजार सोमवार सकाळचा आजार म्हणून ठाऊक होता, कारण रविवारी घोडे पूर्ण खुराकावर बांधून ठेवले जात. काम नसेल त्या दिवशी दाणा कमी आणि हालचाल जास्त, हा त्यावरचा उपाय आहे.

परंतु शरीरापेक्षा मला घोड्याच्या मनाची काळजी अधिक वाटते, कारण तिथले नुकसान बहुधा भरून येत नाही. घोडा कळपाचा प्राणी आहे. दिवसाच्या मोठ्या भागात तो दुसऱ्या घोड्याच्या नजरेच्या टप्प्यात राहतो, दोघे एकमेकांची मान आणि पाठ दातांनी खाजवतात, एक झोपला तर दुसरा जागतो. एकटा बांधलेला घोडा डावीकडून उजवीकडे तासन् तास डुलत राहतो. दुसरा गव्हाणीच्या कडेवर पुढचे दात टेकवून मान ताणतो आणि हवा गिळतो. तिसरा कोंडलेल्या खोलीत गोल गोल फिरून जमिनीत चाकोरी पाडतो. आपल्याकडे याला खोड म्हणतात, खोडीच्या घोड्याचा भाव पडतो, आणि हवा गिळू नये म्हणून गळ्याला पट्टा आवळतात. मोकळ्या कळपांतल्या घोड्यांत हे वागणे आढळत नाही, एवढ्या एका गोष्टीवरून दोष घोड्याच्या स्वभावात नसून ठाणात आहे हे उघड व्हावे. पट्ट्याने कृती थांबते, ती करायला लावणारी अस्वस्थता थांबत नाही. ब्रिटनमध्ये डुलणाऱ्या घोड्यांच्या खोलीत मोठा आरसा लावून पाहिला, तेव्हा त्यांचे डुलणे पुष्कळच कमी झाले; आरशातल्या घोड्याची सोबतही त्यांना पुरी पडली, यावरून ती सोबत त्यांना किती हवी असते याची कल्पना यावी. खोडीच्या घोड्याकडे पाहून बाकीचे बिघडतात या समजुतीने आपण मात्र नेमके त्यालाच इतरांपासून दूर, भिंतीकडे तोंड करून बांधतो. या समजुतीला भक्कम आधार मिळालेला नाही, आणि एकटेपणाने दुखावलेल्या जनावराला आणखी एकटे पाडणे मला क्रूर वाटते.

आता कोणी म्हणेल, घोडे बांधण्याची रीत आपली जुनी आहे, अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे दोर, पागेत होतीच. होती, पण ती कोणत्या घोड्यासाठी होती हे पाहिले पाहिजे. मराठ्यांचा घोडा मोहिमेवर दिवसभर चालत असे, मुक्कामाला शेकडो घोडे रांगेने उभे करायचे तर त्यांना दोर लावणे भागच होते, आणि त्या रांगेत शेजारी दुसरा घोडा असेच. सरकारी घोड्यांसाठी कुरणे राखून ठेवण्याची व्यवस्था होती. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण बेफिकिरीने उडवाल, मग घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. जनावर ज्याच्या ताब्यात, त्याच्या हालाचा जबाबदारही तोच, ही दृष्टी त्या पत्रात आहे. आपण त्या परंपरेतला दोर ठेवला. दिवसभराची चाल, शेजारचा घोडा आणि कुरण या तिन्ही गोष्टी गेल्या.

सोलापूर जिल्ह्यात तर चालणारा घोडा अजून डोळ्यांसमोर आहे. मेंढरांमागे बिऱ्हाड वाहणारे धनगरांचे काटक, बुटके भीमथडी घोडे वर्षातले कित्येक महिने वाटेवरच असतात. माउलींच्या पालखीचे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात आणि तिथून पुन्हा पंढरपूरपर्यंत चालतात. माळशिरस तालुक्यात सदाशिवनगरला आणि खुडूसला ते रिंगणात धावतात, तेव्हा पाठीवर स्वार नसलेल्या माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती लाखो लोक कपाळाला लावतात. ज्या जिल्ह्याला मोकळा धावणारा घोडा इतका पूज्य वाटतो, त्या जिल्ह्यात बांधलेल्या घोड्याचा प्रश्न ऐकून घेतला जाईल अशी मला खात्री आहे.

कायद्याकडे वळल्यावर एक विचित्र उणीव दिसते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये हालचालीस वाव नसलेल्या पिंजऱ्यात वा जागेत जनावर कोंडणे आणि गैरवाजवी आखूड किंवा जड दोराने गैरवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्याचे कर्तव्यही त्यात स्वतंत्रपणे घातले आहे. घोड्यासाठी मात्र असे वाक्य नाही. ओझे वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत: दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग ५ तासांपेक्षा जास्त नको, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम नको. नियम चांगलेच आहेत, सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत तर त्यांची फार गरज आहे. पण ते ज्या काळात झाले, तेव्हा घोड्याचे दुःख म्हणजे अतिश्रम असे समीकरण होते, कारण रस्त्यावर टांगे होते. २०१२ ची आणि २०१९ ची पशुगणना पाहिली, तर देशातले घोडे आणि तट्टे सव्वासहा लाखांवरून ३ लाख ४० हजारांच्या आसपास आले. सोलापुरात टांगा जवळजवळ संपला. शहरात जे घोडे उरले ते मुख्यतः वरातीचे आणि हौसेचे आहेत, आणि त्यांचा छळ कामाने होण्यापेक्षा कोंडण्याने अधिक होतो. कायदा कामाचे तास मोजतो, बांधलेले तास मोजत नाही. शिवाय कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे, त्यामुळे तक्रार करणाऱ्यालाच संकोच वाटावा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींबाबतच्या नागराज खटल्यात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा (भूक, वेदना, भीती यांपासून मुक्ती वगैरे) आधार घेऊन याच कायद्याचा अर्थ लावला. त्यांतले एक स्वातंत्र्य आपल्या जातीच्या स्वाभाविक वागण्याचे आहे. २०२३ मध्ये घटनापीठाने बैलगाडा शर्यतींना मुभा देणाऱ्या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या, तरी कलम ३ मधली, जनावराची नीट काळजी घेण्याची मालकाची कर्तव्ये त्याने संपत नाहीत. स्वीडनमध्ये घोड्याला दररोज मोकळेपणी हिंडू देणे मालकावर बंधनकारक आहे. स्वित्झर्लंडमध्ये घोडा ठाणावर दोराने बांधून पाळणे बंद केले आहे, प्रत्येक घोड्याला दुसऱ्या घोड्याचे दर्शन, आवाज आणि वास मिळालाच पाहिजे असा नियम आहे, आणि कामाच्या घोड्यालाही आठवड्यातून किमान दोन दिवस, प्रत्येकी दोन तास मोकळे सोडावे लागते. त्या देशांत हिवाळ्यात महिनोन् महिने बर्फ असते. आपल्याकडे वर्षातले आठ महिने कोरडे असतात.

मालकांचे आक्षेप मात्र खरे आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप उन्हाचा. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेल्यावर घोडा उघड्यावर कसा सोडायचा? दुपारी सोडायचा नाहीच. संध्याकाळी सहा ते रात्री नऊ आणि पहाटे पाच ते आठ हे तास उन्हाळ्यातही सुसह्य असतात, आणि घोडा रात्रीही तितक्याच आवडीने चरतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काय होते हे मात्र मालकाने एकदा तिथे तासभर बसून पाहावे. वारा खेळत असलेल्या कडुलिंबाच्या सावलीत घोडा अधिक सुखी असतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आपल्याकडे नर घोडे सहसा खच्ची करत नाहीत, आणि दोन नर एकत्र सोडले तर मारामारी होईल, लाखाचा घोडा लंगडा होईल, ही भीती रास्त आहे. पण ती एकत्र सोडण्याची भीती आहे, मोकळे सोडण्याची नव्हे. मध्ये दुहेरी कुंपण असलेल्या दोन शेजारच्या आवारांत दोन नर एकमेकांना पाहात, हुंगत हिंडू शकतात. स्वित्झर्लंडमधल्या आवांश इथल्या राष्ट्रीय अश्वपैदास केंद्रात पैदाशीचे नर घोडे हंगाम नसताना मोठ्या कुरणात कळपाने ठेवून पाहिले, आणि सुरुवातीचे काही दिवस सरल्यावर भांडणे फारच थोडी उरली. आपल्या पाच-सहा गुंठ्यांच्या आवारात कोणी ते करून पाहावे असे मी म्हणणार नाही. जिथे जागा नाही तिथे पाळीपाळीने सोडावे, नराजवळ शांत स्वभावाचा खच्ची घोडा, तेही नसेल तर शेळी ठेवावी. उधळण्याच्या भीतीबद्दलही एक निरीक्षण उपयोगी आहे: आठवड्यातून एकूण दोनच तास सोडलेले घोडे, बारा तास सोडलेल्या घोड्यांपेक्षा अधिक उड्या मारतात आणि अधिक बेभान धावतात. सोडल्यावर उधळतो म्हणून जो घोडा बांधला जातो, तो बहुधा बांधल्यामुळेच उधळत असतो. अशा घोड्याला पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटे, तीही थोडे चालवून आणल्यावर, आवारात दोन-तीन ठिकाणी कडबा टाकून सोडावे, आणि वेळ हळूहळू वाढवावा.

रोज फिरवतो, मग आणखी काय हवे, असे पुष्कळ जण विचारतात. दोरीला धरून गोल फिरवणे किंवा स्वारी ही दुसऱ्याच्या हुकमाची हालचाल आहे. घोडा त्यात लोळू शकत नाही, वास घेत थांबू शकत नाही, सोबत्याजवळ जाऊ शकत नाही. डीजेच्या भिंतीसमोर तास-दोन तास उभे राहण्याला तर व्यायाम म्हणताच येणार नाही. घोड्याला चांगली हिरवळही लागत नाही. कोरडी, दगडगोटे वेचलेली जमीन, पाण्याची टाकी, थोडी सावली आणि पसरलेला अख्खा कडबा एवढ्यावर भागते. कुंपण मात्र काटेरी तारेचे नको, कारण बिथरलेला घोडा तारेत घुसतो आणि पाय फाडून घेतो. बांबू, पाइप किंवा रुंद पट्टी लावलेली झटका मशीन चालेल.

जागेचा आक्षेप शहरातल्या गल्लीत राहणाऱ्या गरीब मालकाला पूर्णपणे लागू पडतो, आणि तिथे केवळ त्याला दोष देऊन भागणार नाही. महानगरपालिकेने शहराच्या कडेला अर्ध्या एकराचे, तीन-चार भागांत विभागलेले एक आवार कुंपण घालून पाळीने वापरायला द्यावे. गावांकडे गायराने आहेत. ज्या ग्रामपंचायतींनी ती अतिक्रमणापासून वाचवली, त्यांना हे काम सहज जमेल. केंद्र सरकारला १९६० च्या त्याच कायद्याच्या कलम ३८ खाली नियम करता येतात. १९६५ च्या नियमांनी कामाचे कमाल तास ठरवले तसे बांधलेल्या घोड्याच्या मोकळिकीचे किमान तासही ठरवता येतील, आणि सुरुवातीला दिवसाला दोन तास एवढी अट मला पुरेशी वाटते.

सर्वांत लवकर फरक पडू शकतो तो अकलूजच्या घोडेबाजारात. तिथे गिऱ्हाईक दात पाहते, चाल पाहते, पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरे) आहे का, देवमण ही शुभ मानलेली खूण कुठे आहे, भोवरे शुभ की अशुभ हे तासभर तपासते. घोडा मोकळा सोडून कसा वागतो हे सहसा पाहात नाही. बाजार समितीने एक भक्कम आवार बांधले आणि विक्रीआधी घोडा त्यात सोडून दाखवण्याची पद्धत पाडली, तर डुलणारा, माणसाला पाहून कोपऱ्यात जाणारा, धड धावू न शकणारा घोडा लपणार नाही. शिंगरांच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे आहे. आईपासून तोडून एकट्याने कोंडलेल्या शिंगरांत डुलण्याच्या आणि हवा गिळण्याच्या सवयी लागण्याची शक्यता मोठी असते, आणि एकदा मुरलेली सवय पुढे कुरणात सोडले तरी पुष्कळदा जात नाही. म्हणूनच स्वित्झर्लंडमध्ये अडीच वर्षांपर्यंत शिंगरांना कळपातच ठेवावे लागते. भाव ठरवण्याआधी शिंगरू कुठे आणि कोणाबरोबर वाढले हे गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली, त्याप्रमाणे दोन पैसे जास्त मोजले, तर पैदास करणाऱ्याला उसातली एक एकर जमीन शिंगरांसाठी मोकळी ठेवणे परवडू लागेल.